आधी तुझं मत, मग दुसरी सही

ताई, सप्रेम नमस्कार.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला. वय ३१. आमचं औषधांचं दुकान आहे, बाबा आणि मी मिळून चालवतो. माझं लग्न ठरलंय ती मुलगी डिचोली तालुक्यातली. जत्रेच्या नाटकांतून आणि कला अकादमीच्या स्पर्धेतून पुढे आली. आता मुंबईत एका रोजच्या मराठी मालिकेत मुख्य भूमिका करते. नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखाल. आमची ओळख झाली तेव्हा ती एवढी प्रसिद्ध नव्हती. साखरपुडा झाला, रजिस्ट्रारकडे पहिली सही, म्हणजे लग्नाच्या इराद्याची नोंद, झाली. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरायचं चाललं होतं.

मध्येच मालिका जोरात चालायला लागली आणि चॅनेलने ती वाढवली. तिला सुट्टी मिळेना. आईने देवळात तारखेसाठी कौल लावला, तो मिळाला नाही. तेव्हापासून आई म्हणते, देवाच्याच मनात हे लग्न नाही. आणि झालंच तर तिने मालिका सोडावी, लग्नात नाव बदलावं, पहिली गणेश चवथ तरी पूर्ण आमच्या घरी करावी. ती म्हणते, चवथीला येईन, पण नाव बदलणार नाही आणि काम सोडणार नाही.

त्यात तिच्या एका रीलमध्ये बोटात अंगठी दिसली नाही म्हणून एका फॅन पेजने 'साखरपुडा मोडला?' असं टाकलं. कौलाची गोष्ट घरातली आणि देवळातली, तीही दोन दिवसांत एका यूट्यूब चॅनेलवर आली. मग देवळाच्या उत्सवात एका पोर्टलच्या मुलाने माझ्यापुढे मोबाइल धरून विचारलं, "लग्नानंतर वहिनी काम करणार का?" मी गडबडलो. म्हटलं, "घरच्यांशी बोलून ठरवू." ती क्लिप 'होणाऱ्या नवऱ्याची अट' म्हणून फिरली. रात्री तिचा फोन आला, खूप रडली. तेव्हापासून नीट बोलत नाही. दुसरी सही आत्ता नको, एवढंच म्हणाली.

मी खुलासा टाकावा का? आईला समजावू की तिला? आणि लग्न मोडलंच तर पहिल्या सहीचं काय होतं?

— फोंड्याचा एक वाचक

*

वयाने तू माझ्या भाच्याएवढा, म्हणून अरेतुरेच करते.

पत्र वाचताना मी सारखी एक गोष्ट शोधत होते. आई काय म्हणते ते तू लिहिलंस. ती काय म्हणते तेही लिहिलंस. फॅन पेज, पोर्टलवाला, देवाच्या मनात काय आहे असं आईला वाटतं ते, सगळं आलं. तुला स्वतःला काय वाटतं, हे मात्र एवढ्या पत्रात एका ओळीतही नाही. तिने लग्नानंतर काम करावं असं तुला वाटतं का? तिने नाव बदललं नाही तर तुला काही कमी वाटेल का? 'आईला समजावू की तिला' असं विचारतोस, म्हणजे समजूत पटायची राहिली आहे ती त्या दोघींपैकी एकीची, तुझी आधीच पटलेली आहे. ती कशाला पटली आहे, तेवढं सांगायचं राहून गेलं.

माझ्या मते तुमचं बिनसलं ते इथेच. साखरपुडा झाल्यापासून तू निरोप्याचं काम करतोयस. आईचं म्हणणं तिला सांगायचं, तिचं आईला, आणि दोन्हीकडे जाताना ते होईल तेवढं मऊ करायचं. तुझा हेतू चांगलाच आहे, कोणाचं मन दुखू नये एवढाच. पण लग्न करायला निघालेल्या मुलीला निरोप्या नको असतो. समोर एक माणूस हवा असतो, ज्याला काहीतरी ठाम वाटतं आणि जो ते बोलून दाखवतो.

त्या क्लिपकडे आता असं बघ. 'अट' हा शब्द तू उच्चारला नव्हतास, मथळा खोटाच होता. पण वाक्य तुझं होतं, आणि ती रडली ती मथळ्याने नव्हे, तुझ्या वाक्याने. मथळे तिला नवे नाहीत, त्या धंद्यात ती रोज ते पचवते. तिने ऐकलं ते हे, की इतकी वर्षं राबून उभं केलेलं काम पुढे चालायचं की थांबायचं, ते फोंड्याच्या एका घरात बसून ठरेल, आणि त्या बसलेल्या माणसांत ती नसेल. तू गडबडला होतास, मान्य. गडबडीत माणूस बहुतेक वेळा तेच बोलतो जे त्याच्या घरात नेहमी बोललं जातं.

म्हणून खुलासा टाकू नकोस. तू लिहिशील की माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला, आमच्यात सगळं छान आहे. अर्ध्या तासात त्याचं थंबनेल होईल, 'अखेर मौन सोडलं'. ज्यांनी पहिली क्लिप पाहिली नव्हती तेही ती शोधून पाहतील. शिवाय सगळं छान नाही, हे तुम्हा दोघांना ठाऊक आहे. तरी तू जगाला तसं सांगितलंस, तर तिला न विचारता तिच्याबद्दल बोलण्याची ही दुसरी वेळ होईल. ती दुसरी वेळ तिला पहिलीपेक्षा जास्त लागेल.

अंगठीचं तर गूढही नाही. मालिकेत ती अविवाहित मुलीची भूमिका करत असेल तर शूटिंगला अंगठी काढावीच लागते. एकाच प्रसंगाचे तुकडे वेगवेगळ्या दिवशी चित्रित होतात, एका तुकड्यात बोटात अंगठी आणि दुसऱ्यात नाही असं झालं की कंटिन्युइटी बिघडते. मग ती अंगठी मेकअप रूममध्ये पर्समध्ये जाते, आणि दोन सीनच्या मध्ये त्याच कपड्यांत, त्याच मेकअपमध्ये रील शूट होतं. मालिकेत काम केलेल्या कोणालाही विचार. तिला तू हे विचारलं होतंस का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फॅन पेज वाचून तुझ्याही पोटात गोळा आला असेल, आणि तो तू मनातच ठेवला असशील, अशी मला शंका आहे.

कायद्याची बाजूही माहीत असू दे. १९९४ साली आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माणसाचं खासगी आयुष्य, त्याचं कुटुंब, त्याचं लग्न याबद्दल त्याच्या संमतीशिवाय कोणी छापू नये, छापलं तर नुकसानभरपाई मागता येते. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. प्रसिद्ध माणसांनाही तो आहे. तिच्या भूमिकेवर, अभिनयावर कोणीही लिहावं, तुमच्या साखरपुड्यावर तसं लिहिता येत नाही. मात्र १९९४ च्या त्याच निकालात एक मेख आहे. जो आपणहून वादात उतरतो किंवा स्वतः वाद उकरून काढतो, त्याची गोष्ट वेगळी होते. तू खुलासा टाकलास, त्यावर कोणी उलट लिहिलं, तू त्याला उत्तर दिलंस, की तुझी बाजू तूच पातळ केलीस. तेव्हा गप्प राहणं इथे कायद्यानेही शहाणपणाचं आहे. उद्या कोणी तुझ्या तोंडी खोटी वाक्यं घातली किंवा दुकानाचा पत्ता-फोन टाकला, तर तारखेसकट स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेव, ते ज्या ॲपवर आलं त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार कर, आणि भागलं नाही तर गोवा पोलिसांच्या सायबर विभागाकडे जा.

पुन्हा कोणी मोबाइल पुढे धरला तर काय म्हणायचं, ते घरी मोठ्याने म्हणून बघ. "नमस्कार, आज देवाच्या उत्सवाला आलोय, घरचं घरात." एवढं म्हणायचं आणि चालायला लागायचं. हसून म्हटलंस तरी चालेल, पण त्यापुढे एक अक्षर नको.

आणि घरातली गळती बघ. कौलाची गोष्ट यूट्यूबवर गेली ती कोणा पत्रकाराने गाभाऱ्यात उभं राहून ऐकलेली नाही. तुमच्या वाड्यावरच्या, बहुधा तुमच्याच नात्यातल्या कोणीतरी ती सांगितली, कदाचित नुसत्या कौतुकाने. एवढी मोठी नटी आपल्या घरात येणार म्हटल्यावर माणसांना राहवत नाही. शोधून भांडण काढू नकोस. पण आजपासून लग्नाच्या गोष्टी कुटुंबाच्या मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोलायच्या नाहीत, आणि कोणाच्याही फोनमधला तिचा फोटो तिला विचारल्याशिवाय बाहेर जाणार नाही, हे तू सगळ्यांना सांग. आईला सांगायला लावू नकोस, स्वतः सांग.

आता आईकडे येते. इथे थोडा वेळ घेते, कारण आईला तू अजून नीट ऐकलेलं नाहीस असं मला वाटतं.

कौल लावताना तू देवळात होतास ना? पुजारी मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मंडळी हात जोडून उभी राहतात. समईच्या उजेडात सगळ्यांचे डोळे त्या पाकळ्यांवर. कधी पाकळी लगेच सुटते, कधी बराच वेळ हलत नाही. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, अशी साधारण रीत, देवस्थानागणिक थोडाफार फरक. पण सगळीकडे एक नियम आहे. गाऱ्हाण्यात जे विचारलं, त्याचंच उत्तर मिळतं. तुझ्या आईने तारखेचं विचारलं, नकार आला तो तारखेला. मुलीबद्दल देवाला कोणी विचारलंच नव्हतं. 'देवाच्या मनात हे लग्न नाही' हे आईने पुढे जोडलेलं आहे. हे तू तिला सांगू नकोस, तू सांगितलंस तर तुला बायकोचा पुळका आला असंच होईल. बाबांना घेऊन पुजाऱ्याकडे जा आणि त्यांच्याच तोंडून आईला ऐकू दे. देवळातल्या माणसाचं ती मानेल.

पुन्हा कौल लावायचा असेल तर दुसऱ्या तारखेसाठी लावा. मुलीसाठी लावू नका. चार माणसांसमोर साखरपुडा केलात, रजिस्ट्रारपुढे इरादा नोंदवलात. दिलेला शब्द पाळू की नको, हे देवाला विचारायचं नसतं.

पण मला वाटतं आईच्या पोटात भीती वेगळीच आहे. आपल्याकडे जत्रेला नाटक नाही असं गाव शोधून सापडायचं नाही. रात्र रात्र बसून मराठी नाटकं पाहिलेली ही पिढी, तिला प्रवेशच्या प्रवेश पाठ. तरी घरच्या मुलीने स्टेजवर चढायचं म्हटलं की घरात काहूर उठायचं. आधी गावचे पुरुषच लुगडं नेसून बायकांची कामं करायचे, पुढे नट्या बाहेरून पैसे देऊन आणल्या जायच्या. नाटक चालू असताना त्या नटीला वन्स मोअर, आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिच्याबद्दल काय काय बोलणं. तुझ्या आईने तरुणपणी हे ऐकलेलं आहे. देवळांशी बांधलेल्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांना या गोव्याने कसं वागवलं, तोही इतिहास फार लांबचा नाही. आपल्या सुनेचं नाव तसं कोणाच्या तोंडी येऊ नये असं तिला वाटतं, आणि आता तर यूट्यूबवर ते खरंच येतंय. मालिका सोडली की तोंडं बंद होतील असा तिचा हिशेब आहे. तो चुकीचा आहे. पण त्यामागे मुलीबद्दल राग नाही, धास्ती आहे, आणि धास्ती घेतलेल्या माणसाशी वाद घालून चालत नाही, जवळ बसावं लागतं.

बसलास की तिला ज्योत्स्नाबाई भोळ्यांचं सांग. बांदिवड्याची मुलगी, तुमच्याच तालुक्यातली. संगीतकार केशवराव भोळ्यांशी लग्न झालं, आणि त्यानंतर १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेच्या नाटकातून त्या रंगभूमीवर आल्या. लग्नानंतर, नवऱ्याच्या साथीने. आज त्यांचं नाव घेताना आपल्या घरांतली म्हातारी माणसंसुद्धा 'आमच्या' म्हणून घेतात. नव्वद वर्षांपूर्वी एका घराला जे जमलं, ते तुमच्या घराला का जमू नये, हे आईला विचार. विचारताना आवाज चढवू नकोस.

नावाबद्दल फार लिहायची गरज नाही. लग्नात बायकोने नाव बदलावं अशी सक्ती कुठल्याही कायद्यात नाही. तिचं नाव करारात आहे, बँकेत आहे, रोज पडद्यावर येतं, ती तिची कमाई आहे. आईला ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहायचा विधी हवा असेल तर तो करा. तांदळात तिचंच नाव लिही. विधीही होईल, नावही राहील.

चवथीच्या बाबतीत तर भांडणच नाही. ती येते म्हणते आहे. प्रश्न किती दिवसांचा, आणि तो तुमच्या घरचा गणपती दीड दिवसाचा की पाच दिवसांचा यावर आहे. चवथ कधी येते हे पंचांगात आधीपासून छापलेलं असतं. तिने प्रॉडक्शनला ती तारीख आत्ताच लेखी द्यावी, म्हणजे आधीचे भाग चित्रित करून एपिसोडची बँक करायला त्यांना वेळ मिळतो. आयत्या वेळी सुट्टी मागितली तर कोणी देत नाही. आईला हे सांग की ती येईल ती गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधायला येईल, पाहुण्यासारखी आरतीपुरती नाही. आणि माहेरच्या ओझ्याचं, म्हणजे चवथीला सुनेच्या माहेरून येणाऱ्या खाऊच्या टोपल्यांचं, आत्ताच बोलून घे. सून टीव्हीवर दिसते, तेव्हा पहिल्या चवथीला तिच्या माहेरून ओझंही तसंच दणदणीत येणार, अशी वाड्यावर आपोआप चर्चा सुरू होते. तिचे आईवडील त्या चर्चेपायी कर्ज काढतील. नेवऱ्या-लाडवांची एक टोपली पुरे, हा निरोप मात्र तू स्वतः डिचोलीला जाऊन दे. हा एवढा एक निरोप तू पोचवलास तर माझी काही हरकत नाही.

तिच्या कामाबद्दल तुला कितपत माहीत आहे, याचा मला अंदाज येत नाही. रोजच्या मालिकेत आठवड्याला सहा भाग द्यायचे असतात. बारा तासांची शिफ्ट, त्यापुढेही काम लांबतं. दर गुरुवारी टीआरपी येतो आणि पुढच्या ट्रॅकचं काय करायचं ते त्यावर ठरतं. मुख्य भूमिकेतली मुलगी चार दिवस गेली तर तिच्याभोवतीची सगळी कथा हलवावी लागते, म्हणून तिला सुट्टी मिळत नव्हती. तुला टाळण्यासाठी ती तारखा देत नव्हती असं घरात कोणी म्हणालं असेल तर ते मनातून काढून टाक. आणि हेही लक्षात घे की मालिका जन्मभर चालत नाही. आकडे उतरले की काही आठवड्यांत गुंडाळतात. मुख्य भूमिका हाती असण्याचा काळ नटीच्या आयुष्यात मोजका असतो. तो तिने आता सोडला तर दोन वर्षांनी 'आता कर काम' म्हणून परत मिळत नाही.

तू कधी तिच्या सेटवर गेलायस का? पत्रावरून तसं दिसत नाही. जा. मोपाहून विमानाने मुंबई तासा-सव्वातासावर आहे, मडगावहून वंदे भारत सुटते. तिला विचारून, ती सांगेल त्या दिवशी जा. न सांगता सरप्राइज म्हणून जाऊ नकोस, सेटवर कोणी ना कोणी मोबाइल काढेल आणि नवी बातमी होईल. दिवसभर कोपऱ्यात बसून तिचं काम बघ. रात्री पॅकअप झाल्यावर बोल.

काय बोलायचं, ते तिथे जाण्याआधी ठरव. तुझ्या तिन्ही प्रश्नांच्या आधी हा आहे. एकटा बस आणि स्वतःला खरं उत्तर दे की तिने काम करत राहावं असं तुला मनापासून वाटतं का. हो असेल तर तिला सांग, "तुझं काम तू ठरवशील. घरी काय सांगायचं ते मी सांगेन, आणि ते आधी तुला सांगेन." क्लिपबद्दल माफी माग. पोर्टलवाल्याचं नाव त्यात आणू नकोस, आईचंही आणू नकोस.

आणि उत्तर नाही असं आलं तर? तर तेही तिला सांग. बायको संध्याकाळी घरी असावी असं वाटणं हा गुन्हा नाही. लग्न होईपर्यंत हो-हो म्हणायचं आणि नंतर आईच्या तोंडून नाही म्हणवून घ्यायचं, हे मात्र तिच्यावर अन्याय करणारं आहे. असं झालेल्या मुलींची पत्रं माझ्याकडे येतात. ती वाचताना मला फार त्रास होतो.

एक प्रश्न तुला कोणी विचारलेला दिसत नाही म्हणून मी विचारते. महिन्यातले काही दिवस तू मुंबईत राहू शकतोस का? सगळं घर तिने काय सोडावं यावर बोलतंय. दुकान बाबा आणि तू चालवता. औषधांच्या दुकानाला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो हे मला माहीत आहे. तो तूच असशील तर दुसरा नेमावा लागेल, त्याचा पगार पडेल. तो हिशेब कागदावर मांड. जमणार नाही असं निघालं तरी तू मांडून पाहिलास, हे तिला कळेल.

आता सहीचं. आपल्या गोव्यात लग्न लागतं ते दुसऱ्या सहीने. १९१० च्या पोर्तुगीज विवाह कायद्यापासून ही नागरी नोंदणी चालत आली आहे. पहिली सही म्हणजे लग्न करायचा इरादा सिव्हिल रजिस्ट्रारपुढे नोंदवणं. मग नोटीस लागते, कोणाची हरकत असेल तर ती घ्यायला वेळ मिळतो, आणि त्यानंतर दुसरी सही. पहिल्या सहीने तुम्ही नवरा-बायको झालेला नाहीत. तिला मुदत असते, ती टळली तर प्रक्रिया नव्याने करावी लागते. तुमची मुदत कधीपर्यंत आहे ते फोंड्याच्या कार्यालयात जाऊन विचारून घे. दुसरी सही झाली की मात्र कायद्याने लग्न झालं, मग मंगलाष्टकं व्हायची असोत, हॉल ठरायचा असो. कितीतरी घरांत सोयीसाठी सही आधी उरकतात आणि विधी सहा महिन्यांनी ठेवतात. मधल्या काळात बिनसलं तर वेगळं व्हायला कोर्टाची पायरी चढावी लागते.

म्हणून ती दुसरी सही आत्ता नको म्हणाली, यात मला तिचा समंजसपणा दिसतो. लग्न नको असं ती म्हणालेली नाही. मधला वेळ तिने मागितला आहे, तो दे, आणि रोज फोन करून 'मग कधी?' विचारू नकोस.

या वेळेत पैशाचंही बोलून घ्या. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यातून आलेली रीत अशी की वेगळा करार न करता लग्न केलंत तर समाईक मालमत्तेची पद्धत लागू होते. लग्नाआधीचं, नंतरचं, वारशाने आलेलं, दोघांचं सगळं एकत्र, त्यात दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. तिची मालिकेची कमाई अर्धी तुझी, दुकानात तुझा जो हिस्सा असेल तो अर्धा तिचा. घर-जमीन विकायची तर दोघांच्या सह्या लागतात. हे नको असेल तर लग्नाआधीच विशेष नोटरीपुढे करार करावा लागतो. तुम्हाला कुठली पद्धत बरी, ते मी सांगणार नाही. वकिलाकडे दोघांनी मिळून जा. तुझ्या काकांनी सुचवलेला किंवा तिच्या मॅनेजरने पाठवलेला नको, दोघांनाही अनोळखी असा निवडा. एकत्र जाऊन असले रुक्ष प्रश्न विचारताना माणसं एकमेकांना बरीच कळतात.

हे सगळं करूनही ती नाही म्हणू शकते. तसं झालं तर दोन्ही बाजूंचे दागिने घरातल्या मोठ्यांसमोर, यादी करून परत करा. कारणं कोणालाही देऊ नका. पेजवर काय टाकायचं, टाकायचं की नाही, ते तिच्यावर सोड. त्या बाजारात तिला राहायचं आहे, तुला नाही. आणि आईला ते तुझ्या तोंडून, त्याच दिवशी कळलं पाहिजे, दुसऱ्या कोणाच्या मोबाइलवरून कळायच्या आधी.